बिनतारी संदेशाचा कान

तळ्यात खडा टाकला असता उठणाऱ्या लहरी डोळ्यांना दिसतात. रेडिओलहरींचे तसे नाही. त्यांची जाणीव आपल्या कोणत्याही इंद्रियास होत नाही. म्हणूनच रेडिओच्या आरंभकाळात लहरी पाठवाव्या कशा, यापेक्षा त्या आल्या हे ओळखावे कसे, हा प्रश्न अधिक बिकट ठरला.

अशा लहरी असल्या पाहिजेत, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये गणिताने दाखविले होते. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विजेच्या ठिणगीने त्या प्रत्यक्ष निर्माण केल्या. त्यांचा ग्राहक म्हणजे तारेचे एक कडे व त्यात ठेवलेली बारीकशी फट. लहर आली की फटीत सूक्ष्म ठिणगी उडे. ती दिसावी म्हणून अंधार करावा लागे. एवढ्या मंद कानाला दूरची हाक ऐकू येणे शक्य नव्हते.

१८९० मध्ये पॅरिस येथे एदुआर ब्रान्ली यांना आढळले की, काचेच्या नळीत सैल भरलेला धातूचा कीस विजेला सहसा वाट देत नाही. परंतु जवळपास ठिणगी पडताच तो वाहक बनतो व नळीला टिचकी मारीपर्यंत तसाच राहतो. ऑलिव्हर लॉज यांनी हीच युक्ती १८९४ मध्ये लहरी ओळखण्यास वापरली व या साधनाला ‘कोहिअरर’ म्हटले. मात्र दरवेळी ठोका द्यावा लागे. शिवाय त्याला ‘लहर आली’ किंवा ‘नाही’ एवढेच कळे. टिंबे व रेघा यांच्या लिपीला तेवढे पुरे. मानवी आवाजातील चढउतार त्यातून उमटणे अशक्य होते.

कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू याच प्रश्नाकडे वळले. १८९५ मधील जाहीर प्रयोगात त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. किसाऐवजी त्यांनी पोलादी स्प्रिंगा बसवून त्यांवरील दाब स्क्रूने कमीअधिक करण्याची सोय केली. १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे लोखंड व पारा यांच्या स्पर्शावर चालणारा, टेलिफोनला जोडलेला शोधक मांडला. त्यास ठोक्याची गरज नव्हती.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून मार्कोनी यांनी सुमारे ३४०० किलोमीटर अंतरावरील इंग्लंडमधून निघालेली तीन टिंबे टेलिफोनने ऐकली. तेथे वापरलेला पाऱ्याचा शोधक त्यांना इटलीच्या नौदलातून मिळाला होता. त्याची रचना बसूंच्या शोधकाशी इतकी जुळते की, या यशात बसूंचा वाटा मानणे न्याय्य होय. यामुळे मार्कोनींचे श्रेय नाहीसे होत नाही. उंच आकाशक, जमिनीशी जोडणी व प्रचंड प्रेषक उभारण्याची जिद्द त्यांचीच होती.

बसूंचे आणखी एक साधन भविष्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. शिशाच्या गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकविले असता वीज एका दिशेने सुलभ व उलट दिशेने कष्टाने वाहते. त्यामुळे लहरीतील मागेपुढे होणारा प्रवाह एकदिश बनतो व तिच्या जोराप्रमाणे कमीजास्त होतो. आवाज उमटविण्यास नेमके हेच हवे. या शोधकासाठी बसूंनी १९०१ मध्ये अर्ज केला व १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी फ्लेमिंग यांनी हेच कार्य करणारी निर्वात नळी इंग्लंडमध्ये पुढे आणली. पुढे १९२० नंतरच्या दशकात प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा असंख्य घरांत गॅलेनाचा खडा, तारेचे वेटोळे व कानाला लावावयाचा टेलिफोन एवढ्याच सामग्रीवर, बॅटरीवाचून, गाणी व बातम्या ऐकल्या जात.