उलट्या गतीची तालीम

प्रश्न : शिकाऊ परवाना मिळून महिना होत आला. मोटार पुढे नेता येते, परंतु मागे घेताना हात गोंधळतात. परीक्षेची तयारी कशी करावी?

उत्तर : अरुंद जागेत उजवीकडे वा डावीकडे मोटार ताब्यात ठेवून मागे घेता येणे हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच कसोटीचे एक अंग मानले असल्याने आपली चिंता अस्थानी नाही, मात्र तिचे मूळ हातांत नसून वेगात आहे, असे माझे ठाम मत आहे. परवानाधारक जाणत्या इसमास शेजारी बसवून, मोकळ्या सपाट मैदानावर, डावा पाय क्लचवरून इतका सावकाश उचलावा की इंजिनाचा सूर किंचित जड होऊन मोटार मुंगीच्या पावलाने सरकू लागेल. त्याच बिंदूवर पाय स्थिर ठेवणे साधल्याखेरीज वळणाच्या नादी लागू नये. मग पुठ्ठ्याचे दोन खोके मांडून त्यांच्यामधून मागे यावे. स्टीअरिंग डावीकडे फिरविले असता मोटारीची पाठ डावीकडे जाते खरी, परंतु तिचे नाक उजवीकडे फेकले जाते, आणि पुष्कळ विद्यार्थी नेमका हाच पुढचा कोपरा विसरतात. म्हणून नजर मागची काच, दोन्ही आरसे व तो कोपरा यांवरून सतत फिरती ठेवावी.

अपयश आल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा आल्यास मात्र मुदत साठ दिवसांची. क्लचचा बिंदू प्रत्येक मोटारीत निराळा असतो, तेव्हा तालमीचीच मोटार परीक्षेस न्यावी.