झडपा दोन की चार?

जालना जिल्ह्यातील विहिरीवरचे डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेरे घेते. हवा ओढायला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. दोन झडपा पुरतात. समृद्धी महामार्गावरील मोटारीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले, की उरतो दोनशेवा भाग!

कर्कटक घ्या. मोठ्या वर्तुळात दोन समान वर्तुळे बसवा: ५० टक्के जागा व्यापते. चार बसवा: ६९ टक्के. झडप थोडीच उचलते, म्हणून हवेची वाट परिघावर ठरते. दोन आवक-झडपांचा परीघ एकीच्या १.६६ पट भरतो.

टर्बोचार्जर हवा दाबूनच भरतो, मग दोन झडपा का नकोत? चालतात की! पण दाबलेली हवा तापते. पेट्रोल इंजिनात ज्योत पोचण्याआधीच कडेचे मिश्रण पेटून नॉकिंग होते. चार झडपांच्या मधोमध स्पार्क प्लग बसतो, ज्योतीची वाट आखूड होते. माझ्या मते खरा फायदा हाच.