मोटार फिरली नाही, तेव्हा तुमचं मूल काय करतं?

दिवाळीच्या सुमारास वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही बाजार समितीत गेलात तर सोयाबीनच्या ढिगाजवळ एक लहानसं यंत्र दिसेल. मूठभर दाणे त्यात टाकायचे, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवली, तेव्हा इथल्या घराघरांत ‘मॉइश्चर’चीच चर्चा होती. दाण्यात पाणी जास्त असलं की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात. यंत्र तो बदल टिपतं आणि टक्क्यांत सांगतं.

म्हणजे सेन्सर आपल्या जिल्ह्यात कधीचाच येऊन बसलाय. आपली मुलं तो आकडा नुसता वाचणार, की तो कसा येतो हेही समजून घेणार, एवढाच प्रश्न आहे.

पालकांचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: ‘रोबोटिक्सच्या क्लासला घालू का? फी भरमसाट आहे, पण पोरगं मागे पडायला नको.’ ही काळजी मला खोटी वाटत नाही. वाशीममध्ये राहून पुण्या-मुंबईच्या मुलांशी स्पर्धा करायची, हे दडपण खरं आहे. तरी माझं उत्तर ठाम आहे: आधी काही महिने घरी करून बघा. तयार किट, ज्यात पुस्तिका बघून तुकडे जोडले की गाडी पळते, ते मुलाला खूश करतं. पण त्याचा कल कुठे आहे, हे त्यातून फारसं कळत नाही. कल कळतो तो काहीतरी बिघडल्यावर.

सुरुवात मोडक्या खेळण्यातल्या मोटारीपासून करा. दोन पेन्सिल सेल, दोन वायरी, एक बटण. मोटार फिरली की वायरींची अदलाबदल करायला सांगा. ती उलटी फिरेल. पाचवीतल्या मुलाला एवढं पुरतं. संगणक उपलब्ध असेल तर सोबत स्क्रॅच सुरू करता येतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये खुली केलेली ही मोफत प्रोग्रामिंग भाषा आहे. त्यात ओळी टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात.

सातवी-आठवीत आर्डुइनो हातात द्यावा. 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्हरेआ गावी विद्यार्थ्यांसाठीच हा बोर्ड घडवला गेला. त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्याने त्याच्यासारखे बोर्ड आपल्याकडे पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात. घरी संगणक नसेल तर शाळेच्या किंवा कॅफेच्या संगणकावर टिंकरकॅड उघडा. तिथे पडद्यावरच सर्किट जोडून प्रोग्राम चालवून बघता येतो, तोही फुकट.

पहिला प्रयोग अंधार पडताच लागणाऱ्या दिव्याचा. एलडीआर नावाच्या सेन्सरवर प्रकाश पडला की त्याचा विरोध कमी होतो, अंधारात वाढतो. त्याला दहा किलोओहमचा रेझिस्टर जोडला की बोर्ड 0 ते 1023 यांमधला एक आकडा देतो. आकडा 300 च्या खाली गेला की एलईडी लाव, नाहीतर बंद कर, असा दोन ओळींचा प्रोग्राम मूल लिहितं. संध्याकाळ होते, आणि एलईडी नीट लागायच्या ऐवजी फडफडायला लागते.

इथे थांबा. मुलाला काही सांगू नका, यूट्यूबही लावून देऊ नका. एखादं मूल चिडून उठतं, एखादं बोर्डच खराब आहे म्हणतं. एखादं मात्र एलईडीकडे आणि सेन्सरकडे आळीपाळीने बघत बसतं आणि मग मध्ये हात धरतं. फडफड थांबते. एलईडीचाच उजेड सेन्सरवर पडत होता! दिवा लागला की सेन्सरला दिवस वाटे, दिवा विझला की रात्र. उपाय दोन: मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा लावायचा, किंवा 300 ला लावायचा आणि 400 च्या वर गेल्यावरच विझवायचा. दुसरा उपाय ज्याला स्वतः सुचला, त्याने कारखान्यांतल्या नियंत्रणाचं एक मूळ तत्त्व गाठलं. फ्रीज आणि इस्त्री याच तत्त्वावर चालू-बंद होतात.

चिडून उठणाऱ्या मुलावर शिक्का मारू नका. दुसऱ्या दिवशी ते आपणहून परत येतं का, तेवढं बघा.

दुसरा प्रयोग आपल्या मातीचा. शेतातली काळी माती उन्हात खडखडीत वाळवा, अर्धा किलो मोजून घ्या, दर वेळी 50 मिलिलिटर पाणी मिसळा आणि मातीत खुपसलेल्या ओलाव्याच्या सेन्सरचा आकडा वहीत उतरवा. या आकड्यांचा आलेख काढला की तो सरळ रेषेत येत नाही, हे मूल स्वतः बघेल. मग तीच माती कुंडीत भरून वाळू द्या. काळी माती वाळताना आकसते, भेगाळते. भेग नेमकी सेन्सरपाशी पडली तर तो माती सोडून हवाच मोजू लागतो. लाल मातीवर बेतलेलं यंत्र वऱ्हाडात का फसू शकतं, ते अशा कुंडीत समजतं. उघड्या धातूच्या दोन पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर विजेमुळे गंजतो आणि लवकर निकामी होतो. थोडे जास्त पैसे घालून कपॅसिटिव्ह सेन्सर घेतलेला बरा.

तिसरा प्रयोग पाण्याच्या टाकीचा. अल्ट्रासोनिक सेन्सर ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. प्रोग्राममध्ये ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला 343 मीटर धरलेला असतो, म्हणजे 20 अंश तापमानाचा. आपल्या मे महिन्यात 40 अंशांना तो सुमारे 355 असतो, त्यामुळे एक मीटरचं अंतर साडेशहाण्णव सेंटीमीटर दिसतं. ही चूक शोधायला आठवीचं गणित पुरतं, आणि ‘गणित कशाला शिकायचं’ हा प्रश्नही मग सहसा उरत नाही.

दोन गोष्टी कडक पाळा. मोटार थेट बोर्डाच्या पिनेला जोडायची नाही. पिन सुमारे 20 मिलिअँपिअर देऊ शकते, मोटारीला त्याच्या कित्येक पट लागतात. म्हणून मध्ये मोटार ड्रायव्हर हवाच. आणि घरातली 230 व्होल्टची वीज किंवा शेतातल्या पंपाचा स्टार्टर मुलांच्या प्रयोगात कधीच येता कामा नये. पंपाचा ‘ऑटो’ स्विच कसा चालतो हे दाखवा, पण पेटी बंद ठेवून.

आता करिअरकडे. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची आयटीआय, किंवा तीन वर्षांची पदविका, म्हणजे डिप्लोमा. वाशीमला शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हातांनी शिकणाऱ्या मुलांसाठी मला हा रस्ता अकरावी-बारावीच्या शर्यतीपेक्षा चांगला वाटतो, आणि त्याला कमी लेखणं आपण सोडायला हवं. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेता येतं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय ही जवळची ठिकाणं. माती आणि सेन्सर दोन्हींत रमणाऱ्या मुलाने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातली कृषी अभियांत्रिकी जरूर बघावी. तिच्याकडे फार कमी पालकांचं लक्ष जातं. पदवीवर ‘रोबोटिक्स’ लिहिलेलं असण्यासाठी जिवाचा आटापिटा नको. रोबो बनवणाऱ्या गटात यंत्र, वीज आणि प्रोग्राम जाणणारे वेगवेगळे लोक लागतात.

गावात राहून हे जमतं का, असं वाटत असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ आठवा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करता करता शिकावं, हा त्यांचा आग्रह. 2002 मध्ये एमआयटीच्या सहकार्याने जगातल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक याच खेड्यात उभी राहिली.

वाशीम 2018 पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्याच आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी 50 हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. तेव्हा पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना विचारा: आपल्या शाळेत ही लॅब आहे का, नसेल तर अर्ज कधी करणार? असेल, तर कोणत्या वाराला कोणत्या तासाला उघडते, आणि मुलींच्या हातात सोल्डरिंग गन येते की त्या फक्त तक्ते रंगवतात? उत्तर लेखी वेळापत्रकात मागा.