समुद्रातील सुगी आणि नापिकी

शेतीप्रमाणे समुद्रातही सुगीची व नापिकीची वर्षे येतात. त्यामागील कारणांचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांत नॉर्वेचे योहान योर्ट हे अग्रगण्य होत.

हेरिंग हा तारलीप्रमाणे थव्याने राहणारा मासा. तो कमी सापडू लागला म्हणजे थवे अन्यत्र गेले, असे पूर्वी समजले जाई. योर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या खवल्यांवरील वार्षिक वलये मोजून त्यांचे वय ठरविले. तेव्हा १९०४ साली जन्मलेल्या माशांचाच भरणा पुढे अनेक वर्षे जाळ्यांत होत असल्याचे आढळले. अर्थात मासळीची चढउतार मुख्यतः त्या त्या वर्षी किती पिले जगली यावर अवलंबून असते. हे निष्कर्ष १९१४ साली प्रसिद्ध झाले. अंड्यातील बलक संपताच योग्य अन्न न मिळाल्यास बहुसंख्य पिले मरत असावीत, असे अनुमानही त्यांनी मांडले.

अनुकूल वर्ष आणणे मनुष्याच्या हाती नाही. बियाणे राखणे मात्र आहे. नॉर्वेची हेरिंग अतिमासेमारीमुळे १९७० च्या सुमारास जवळजवळ नाहीशी झाली. कडक निर्बंधांमुळे उरलेले मासे वाचले व १९८३ सालच्या जोमदार पिढीने साठा पुन्हा सावरला.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटाची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरविली, तीमागील तत्त्व हेच होय. मच्छीमार बंधूंनी जाळ्याचा आस पुरेसा मोठा ठेवावा. आज टोपली थोडी हलकी भरेल. परंतु अनुकूल वर्ष येईल तेव्हा पेरणीस बियाणे शिल्लक असेल.