लव्हेंडर तेल : आरोग्यासाठी उपयोग व घ्यावयाची काळजी

लव्हेंडरचे सुगंधी तेल आता तालुक्याच्या बाजारपेठेतही मिळू लागले आहे. झोप न येणे, डोकेदुखी, सांधेदुखी, भाजणे अशा सर्वच तक्रारींवर ते गुणकारी असल्याचे विक्रेते सांगतात. यात तथ्य किती, तेल कसे वापरावे आणि कोठे वापरू नये, हे शेतकरी कुटुंबांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

वनस्पती व तेल

लव्हेंडर हे तुळस व पुदिना यांच्या कुळातील बहुवर्षायू झुडूप आहे. त्याचे मूळ स्थान भूमध्य समुद्राकाठचा डोंगराळ प्रदेश. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स भाग या पिकासाठी प्रसिद्ध आहे. भारतात डोडा जिल्ह्यातील भद्रवाह परिसरात, सुमारे १६०० मीटर उंचीवर, अनेक शेतकऱ्यांनी मक्याऐवजी हे पीक घेतले आहे. फुलोऱ्यातून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. शंभर किलो ताज्या फुलोऱ्यापासून जेमतेम एक किलोच्या आसपास तेल मिळते. लिनॅलिल ॲसिटेट व लिनॅलूल हे त्यातील मुख्य घटक आहेत.

उपयोग

१) मनाची अस्वस्थता व झोप : या तेलाचा हा सर्वांत भरवशाचा उपयोग होय. सौम्य ताण, थकवा व झोपेच्या तक्रारींसाठी युरोपात त्याच्या पारंपरिक वापरास मान्यता आहे. झोपण्यापूर्वी रुमालावर १ ते २ थेंब टाकून तो उशीजवळ ठेवावा.

२) अंग चोळणे : कष्टाच्या कामानंतर ३० मिलीलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब (सुमारे १ टक्का) मिसळून पाठ व पाय चोळावेत. आराम वाटतो, मात्र सांधेदुखीचे मूळ कारण त्याने जात नाही.

३) पाय शेकणे : लव्हेंडर तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते व कातडीला झोंबते. म्हणून २ थेंब आधी चमचाभर खोबरेल तेलात मिसळावेत आणि मगच कोमट पाण्यात टाकावेत.

वापरताना घ्यावयाची काळजी

• मूळ तेल कातडीवर थेट लावू नये. पातळ केलेले तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून २४ तास पाहावे. खाज किंवा लाली आल्यास वापर थांबवावा.
• तेल पोटात घेऊ नये. युरोपात पोटात घेण्याच्या कॅप्सूल आहेत. परंतु ते ठराविक मात्रेचे औषध आहे, बाजारातील बाटली नव्हे.
• बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. मुलाने तेल गिळल्यास उलटी करवू नये, कारण तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटलीसह तातडीने दवाखाना गाठावा.
• गर्भवती व स्तनदा माता, दमेकरी आणि लहान मुले यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच वापर करावा.
• रेने मॉरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात १९१० साली प्रयोगशाळेत भाजला होता. त्यावर त्याने लव्हेंडर तेल वापरल्याची हकीकत नेहमी सांगितली जाते. तथापि भाजल्यावर पहिला उपचार म्हणजे २० मिनिटे वाहते थंड पाणी. तेल लावू नये.

फवारणीनंतरची डोकेदुखी

कीटकनाशक फवारल्यानंतर डोके दुखणे, मळमळणे, घाम येणे, अंधुक दिसणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सुगंधी तेल हुंगून किंवा कपाळाला चोळून वेळ दवडू नये. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, कीटकनाशकाच्या लेबलसह रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

खरेदी व साठवण

लेबलवर लॅव्हॅन्डुला अँगस्टिफोलिया हे शास्त्रीय नाव पाहावे. लव्हॅन्डिन या संकरित जातीचे तेल स्वस्त असते. त्यात कापूर अधिक असल्याने वास उग्र येतो. तेलाचा थेंब कागदावर टाकून वाळू द्यावा. तेलकट डाग राहिल्यास दुसऱ्या तेलाची भेसळ समजावी. कृत्रिम सुगंधाची भेसळ मात्र प्रयोगशाळेतच कळते. बाटली गडद रंगाची असावी व घट्ट बंद करून थंड जागी ठेवावी. हवा लागून जुने झालेले तेल कातडीला अधिक बाधते.

आपल्याकडे लागवड करावी काय?

या पिकाला थंड हिवाळा व निचऱ्याची जमीन लागते. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. त्यामुळे हमीभावाच्या तोंडी आश्वासनावर रोपे विकत घेऊ नयेत. सुगंधी पिकाची आवड असल्यास गवती चहा किंवा रोशा गवत आपल्या हवामानास अधिक मानवते. त्यासाठीही तेल काढण्याची सोय व खरेदीदार आधी निश्चित करावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दिवसभराच्या कष्टानंतर शांत झोपेसाठी या तेलाचे दोन थेंब जरूर वापरावेत. मात्र दुखणे अंगावर काढण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये.