चंद्राची रास आणि चवीची परीक्षा

कोणत्या दिवशी प्यायल्यास वाइन अधिक चांगली लागेल, हे सांगणारे एक छोटे पंचांग ब्रिटनमध्ये २०१० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागले. टेस्को आणि मार्क्स अँड स्पेन्सर ही तिथली मोठी दुकाने समीक्षकांसाठी चवपरीक्षा ठेवताना असेच दिवस पाहतात, असे वृत्त २००९ मध्ये तेथील वृत्तपत्रांत आले होते. मुहूर्त पाहून लग्ने लावणाऱ्या आणि अलीकडे मुहूर्त पाहून सिझेरिअनची वेळ मागणाऱ्या आपल्या समाजाला त्यास हसण्याचा अधिकार नाही. संकेश्वर-निपाणी भागात वाइन हा काही रोजच्या जेवणातला पदार्थ नव्हे. तरीही हा विषय मी स्मरणिकेसाठी निवडला, कारण चंद्राचा मनुष्यदेहावर आणि इंद्रियांवर परिणाम होतो काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात दर पंधरवड्याला येऊन बसतो.

या पंचांगाचे मूळ शेतीत आहे. जून १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने कोबरविट्झ या गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) शेतकऱ्यांसमोर व्याख्यानमाला दिली. त्यातून ‘बायोडायनॅमिक’ शेती जन्मास आली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावयाचे, वसंतात काढून चिमूटभर पाण्यात तासभर घुसळून शेतात शिंपडावयाचे, ही तिची सर्वांत प्रसिद्ध कृती. रासायनिक खत व कीटकनाशक वर्ज्य. शेणखत, गोमूत्र, अमृतपाणी यांचा परिचय असलेल्या आपल्या शेतकऱ्याला यात परके असे फारसे वाटणार नाही. १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी या पद्धतीचा भारतात बराच प्रसार केला. फ्रान्समध्ये लुआर खोऱ्यातील निकोला जोली यांच्यापासून थेट रोमाने-कोंतीपर्यंत अनेक नामवंत मळे या पद्धतीने चालतात आणि त्यांची वाइन उत्तम असते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो उत्तमपणाच्या कारणाविषयी. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात न्यूझीलंडमधील १६ शेतांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत बायोडायनॅमिक जमिनीचा पोत रासायनिक शेतीपेक्षा सरस आढळला. पुढे कॅलिफोर्नियातील एका द्राक्षमळ्यात हीच पद्धत साध्या सेंद्रिय शेतीशी ताडून पाहिली, तेव्हा २००५ च्या अहवालानुसार मातीत दखल घ्यावा असा फरक दिसला नाही. तात्पर्य, गुण शेणखताचा असावा. शिंगाचा वाटा सिद्ध व्हावयाचा आहे.

चंद्राचे प्रकरण त्यानंतरचे. मारिया थून या जर्मन बाईंनी मुळ्याच्या पेरण्यांवरून असे मत बनविले की, चंद्र ज्या राशीत असेल त्यानुसार झाडाचे निरनिराळे अवयव जोम धरतात. मेष, सिंह, धनू या अग्निराशींत चंद्र असता ‘फळाचा दिवस’. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीतत्त्वाच्या राशींत ‘मुळाचा’. वायुराशींत ‘फुलाचा’ आणि जलराशींत ‘पानाचा’. वाइन पिणाऱ्यांसाठी निघालेल्या पंचांगाने हेच कोष्टक बाटलीला लावले. फळाच्या व फुलाच्या दिवशी ती खुलते, मुळाच्या व पानाच्या दिवशी मिटून बसते, असे त्याचे म्हणणे.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हा अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब नव्हे. चंद्राच्या कला साडेएकोणतीस दिवसांत फिरून येतात. राशींची फेरी सव्वासत्तावीस दिवसांची असून एका राशीत चंद्र सुमारे सव्वादोन दिवस असतो. शिवाय थूनबाईंनी आकाशातील प्रत्यक्ष तारकासमूह घेतले, ते लहानमोठे आहेत. आपली निरयन पंचांगे प्रत्येक राशीला समान ३० अंश देतात. पाश्चात्त्य ज्योतिषाच्या सायन राशी आपल्यापेक्षा सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या आहेत आणि तेवढे अंतर कापण्यास चंद्राला जवळजवळ दोन दिवस लागतात. म्हणजे एकाच संध्याकाळी उघडलेली एकच बाटली एका पंचांगाने फळाची, दुसऱ्याने मुळाची ठरू शकते. जिभेने कोणाचे ऐकावे?

भरती-ओहोटीचा दाखला येथे हटकून दिला जातो. समुद्र हलतो, मग सत्तर टक्के पाण्याचे शरीर का हलू नये? परंतु भरती ही चंद्राच्या राशीवर अवलंबून नसते. ती चंद्राचे अंतर आणि सूर्याशी होणारा कोन यांवर अवलंबून असते. पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या अंतरावरही हे भरतीबल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीवा भाग असते. पाच-सहा फुटी माणसाच्या टाळूपासून टाचेपर्यंत ते त्याहूनही लक्षावधी पटींनी क्षीण होते. वाइनच्या पेल्याची गोष्टच सोडा.

आपल्या शेतकऱ्याच्या मृग नक्षत्राला मात्र या माळेत ओवू नये. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. सूर्य मृगात ७-८ जूनच्या सुमारास जातो आणि मोसमी पाऊस त्याच वेळी येतो, म्हणून ते ऋतूचे वेळापत्रक आहे. द्राक्षबागेतही एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हवामान पाहून होते. या विचारात ऋतू आहे. चंद्राच्या राशीत तो नाही.

अनुमानावर न थांबता न्यूझीलंडमधील संशोधकांनी परीक्षा घेतली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. वाइनच्या व्यवसायातील १९ जाणकारांनी १२ पिनो न्वार वाइन, कोणती कोणती हे न कळता, फळाच्या आणि मुळाच्या दिवशी पुनःपुन्हा चाखून गुण दिले. दिवसानुसार गुणांत फरक पडला नाही. तरीही अनुभवी माणसे शपथेवर सांगतात की फरक जाणवतो. ती खोटे बोलतात असे मला वाटत नाही. २००१ मध्ये बोर्दो येथे ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये अमेरिकेत एकच वाइन कधी ५, तर कधी ४५ डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितलेली अधिक आवडली आणि मेंदूतील सुखसंवेदनेचा भागही तिच्या वेळी अधिक चेतला. अपेक्षा ही चवीला बाहेरून चिकटत नाही, ती चवीचाच घटक होते. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील स्पर्धेच्या परीक्षकांपुढे एकच वाइन न सांगता पुन्हा पुन्हा ठेवली. आपल्या निकालाशी सुसंगत राहिले ते जेमतेम दहा टक्के. एवढ्या डोलणाऱ्या तराजूवर चंद्राचे वजन करावयाचे आहे! (वाइन हृदयास हितकर, हा समजही आता टिकलेला नाही. मद्याची सुरक्षित अशी मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.)

आता आपल्या दवाखान्याकडे वळू. पौर्णिमेला प्रसूती वाढतात, असे अनेक सुईणी व काही डॉक्टरही मानतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ५,६४,०३९ जन्म ६२ चांद्रमासांत विभागून पाहिले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कलांचा संबंध आढळला नाही. झोपेचे उत्तर इतके सरळ नाही. बाझल येथील ३३ जणांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या असता पौर्णिमेच्या आसपास झोप २० मिनिटांनी कमी दिसली (२०१३); पुढच्याच वर्षी ४७० जणांच्या नोंदींत तसे काही दिसले नाही.

सर्वांत चिंतेची बाब फेफऱ्याची. ‘डॉक्टरसाहेब, अमावास्येलाच फिट येते’ असे सांगणारे आणि म्हणून अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे तेवढ्या गोळ्या देणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. मध्येच औषध तुटल्याने झटक्यांची मालिका सुरू होऊन जीवावर बेतते. अशा कुटुंबाशी चंद्रावरून वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. वही देतो, प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी चुकलेली गोळी लिहावयास सांगतो, आणि गोळी रोज देण्याचे वचन घेतो. तीन महिन्यांनी ती वही व भिंतीवरची दिनदर्शिका शेजारी ठेवून आम्ही दोघे मिळून पाहतो. अमावास्येची फिट लक्षात राहते, अष्टमीची विसरली जाते, हे वही न बोलता दाखविते.

चव बदलली अशी तक्रार घेऊन येणाऱ्याचीही चौकशी जमिनीवरच करावी. मेट्रोनिडॅझोलने तोंड धातूसारखे होते. सर्दी, नाकातील पॉलिप किंवा कोविडनंतरची गंधहीनता असेल तर जेवण बेचव लागते, कारण आपण ज्यास चव म्हणतो तिचा मोठा वाटा घशातून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. आपल्या भागात तंबाखू आणि मिश्री यांचा प्रश्न आवर्जून विचारावा आणि विचारतानाच गालाच्या आतील पांढरा चट्टाही पाहून घ्यावा.

माझी एक सूचना आहे. वाइनची गरज नाही. आपल्याकडे गूळ आहे. माघ-फाल्गुनात, हवा कोरडी असताना, एकाच ढेपेचा गूळ हवाबंद ठेवावा. एका सहकाऱ्याने दाते पंचांग पाहून अग्निराशींच्या आठ व पृथ्वीराशींच्या आठ संध्याकाळी निवडाव्यात, अमावास्या-पौर्णिमा वगळून, कारण त्या सर्वांना ठाऊक असतात. आज चंद्र मकरेत की मेषेत, हे मात्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. हाच या प्रयोगाचा फायदा. प्रत्येक वेळी गुळाच्या पाण्याचे तीन पेले ठेवावेत, दोन त्याच ढेपेचे व एक दुसऱ्या गुऱ्हाळाचा, म्हणजे जीभ एकाच पदार्थाला दोनदा सारखे गुण देते की नाही हेही कळेल. अठरा जणांपैकी निदान दहांनी वेगळा पेला अचूक ओळखला तरच तो निव्वळ योगायोग नव्हे असे धरता येईल. दिवसांची यादी बंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे असावी आणि सोळाव्या संध्याकाळच्या गुणपत्रिका गोळा झाल्यावरच ते उघडावे. मधुमेही सदस्यांनी चव घेऊन पाणी थुंकावे. इच्छुकांनी नावे सचिवांकडे द्यावीत.