फायबर आणि फायफर : एका अक्षराचा फरक



इंग्रजी स्पेलिंग म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. मग आपण ते नुसते घोकत बसतो. घोकलेले परीक्षेपर्यंत टिकते, अर्थासकट समजलेले मात्र जन्मभर राहते. म्हणून या वेळी मी दोनच शब्द निवडले आहेत. दिसायला ते जुळे भाऊ, पण एक राहतो गिरणीत आणि दुसरा बँडमध्ये!

पहिला शब्द फायबर. फायबर म्हणजे तंतू. पुष्कळ तंतू एकत्र पिळले की सूत होते आणि सूत विणले की कापड. याचे स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात. इंग्लंडच्या पद्धतीने एफ, आय, बी, आर, ई. अमेरिकेच्या पद्धतीने एफ, आय, बी, ई, आर. दोन्ही बरोबर आहेत. मीटर आणि सेंटर या शब्दांचेही असेच आहे.

दुसरा शब्द फायफर. फाईफ नावाची एक छोटी आडवी बासरी असते. तिला बोटांसाठी बहुधा सहा भोके असतात आणि तिचा आवाज उंच, टोकदार असतो. पूर्वी युरोपातल्या सैन्यात ढोलाबरोबर ती वाजवीत, कारण तिचा आवाज गोंगाटातही लांबवर ऐकू जाई. ही फाईफ वाजवणारा तो फायफर. स्पेलिंग एफ, आय, एफ, ई, आर.

आता दोन्ही शब्दांखाली बोट ठेवून पाहा. अमेरिकन फायबर आणि फायफर यांत फक्त तिसरे अक्षर वेगळे आहे. एकात बी, दुसऱ्यात एफ. बाकी चारही अक्षरे तीच.

पण शेवटच्या ई-आरचे काम दोन्हीकडे सारखे नाही, बरं का! सनई वाजवणारा सनईवाला, तसा फाईफ वाजवणारा फायफर. ड्रम वाजवणारा ड्रमर, खेळणारा प्लेअर. इथे ई-आर म्हणजे ‘करणारा’. फायबरमध्ये मात्र तो शब्दाचाच भाग आहे, कोणी काही करीत नाही. दोघांची घराणीही निराळी. फायबर हा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला, तर फाईफचे नाते नळी किंवा पावा या अर्थाच्या जर्मन शब्दाशी आहे.

उच्चाराचीही एक खूण आहे. बी म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. एफ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि हवा बाहेर सरकते. आरशासमोर उभे राहून म्हणून बघा, लगेच कळेल.

मराठीत असे होत नाही असे समजू नका. सूत म्हणजे धागा, पण सुत म्हणजे मुलगा. सूर गाण्यातला, पण सुर म्हणजे देव. आपल्याकडे एका उकाराने माणसाचा धागा होतो!

आता तंतूंविषयी थोडेसे. कापूस बोंडातून मिळतो, ताग खोडातून, घायपात पानातून आणि काथ्या नारळाच्या सोडणातून. लोकर मेंढीची आणि रेशीम किड्याच्या कोशाचे. आपल्या ठाण्याचा तर तंतूंशी जुना संबंध. १९२५ सालची रेमंडची लोकरीची गिरणी ठाण्यातच होती. ती २००९ साली बंद झाली. कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघतो.

माझे आजोबा एका कापडगिरणीत कामाला होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण चिंधी चिमटीत धरली की सुती की नायलॉन ते सांगतात. खात्री करायची तर ते एक धागा जाळून दाखवतात. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा, आणि नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. (हा प्रयोग मोठ्या माणसांनीच करावा.) मी त्यांना फायबरचे स्पेलिंग सांगितले, त्यांनी मला फायबर ओळखायला शिकवले. माझ्या मते सौदा त्यांच्याकडूनच जास्त झाला.

फायफर आपल्याकडे दिसत नाही, पण त्याला भेटता येते. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने १८६६ साली लाल विजार घातलेला, फाईफ वाजवणारा एक मुलगा रंगवला. ते चित्र पॅरिसच्या संग्रहालयात आहे. आणि तीन डुकरांची गोष्ट आठवते ना? डिस्नेच्या १९३३ सालच्या चित्रपटात गवताचे घर बांधणाऱ्या पहिल्या डुकराचे नाव फायफर आहे, कारण तो बासरी वाजवतो. हीच आठवणीची खूण ठेवा : फायफरने घर बांधले ते गवताच्या तंतूंचे, म्हणजे फायबरचेच!

कोणी म्हणेल, एवढ्या एका अक्षरासाठी इतका खटाटोप कशाला? माजिवडा नाक्यावरून जाताना रस्त्याच्या कडेला नीट पाहा. कुठे कुठे ओ, एफ, सी अशी तीन अक्षरे लिहिलेले छोटे दगड किंवा पाट्या असतात. त्याचा अर्थ ऑप्टिकल फायबर केबल. जमिनीखाली केसासारख्या काचेच्या तंतूंतून उजेडाच्या रूपाने फोन आणि इंटरनेटचे निरोप धावत असतात. ती अक्षरे न वाचता कोणी कुदळ मारली, तर किती घरांचे फोन बंद पडतील! अक्षर वाचणे आणि अर्थ कळणे, दोन्ही हवे.

पालकांना एक विनंती. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे म्हणू नका. मुलाची वही आणि पुस्तक शेजारी ठेवा, एकेका अक्षराखाली बोट ठेवा आणि दोन्हीकडे तेच आहे का एवढे विचारा. त्याला इंग्रजी लागत नाही, फक्त दहा मिनिटे लागतात.

करून पाहा :
१. घरातले पाच तंतू शोधा. प्रत्येक कशापासून मिळतो ते लिहा.
२. शेवटी ई-आर असलेले, ‘करणारा’ या अर्थाचे चार इंग्रजी शब्द लिहा.
३. सूत-सुत, सूर-सुर यांसारख्या आणखी तीन जोड्या शोधा आणि या कागदाखालच्या कोऱ्या जागेत लिहा.